पक्की प्रत

त्या वर्षी लग्नं कमी झाली आणि आमच्या घरात वरणाला पाणी जास्त लागायला लागलं. दुसऱ्याच्या लग्नाचा आमच्या वरणाशी काय संबंध, असं कुणी विचारेल. संबंध आहे. आमच्या घरात कवी आहे.

हसायचं तर हसा. गावात कुणालाही विचारा, कवीचं घर कुठलं, हाताला धरून आणून सोडतील. बावीस वर्षं ह्यांनी कवितेवर घर चालवलंय. म्हणजे अर्धं. उरलेलं अर्धं माझ्या शिलाई मशीननं चालवलं, पण ते कुणी सांगत नाही. छापखानेवाला लग्नपत्रिकेच्या वरच्या चार ओळी ह्यांच्याकडून घेतो. कुणी नोकरीतून निवृत्त झालं की मानपत्र, कुणी गेलं की श्रद्धांजली, दुकान निघालं की पाटीवरच्या दोन ओळी. ह्यांची सर्वांत जास्त छापलेली कविता पशुखाद्याच्या पोत्यावर आहे. आठ वर्षं ती गोठ्यागोठ्यात जाते. मी एकदा म्हटलं, तुमचे वाचक शिंगं असलेले आहेत म्हणून बरंय, तक्रार करत नाहीत. तेव्हा दोन दिवस बोलले नव्हते.

पण त्या वर्षी सलग दुसऱ्यांदा पाण्यानं दगा दिला होता. विहिरी मार्चातच तळाला गेल्या. लोकांनी लग्नं पुढं ढकलली, दुकानं कुणी काढेना, आणि पशुखाद्यवाल्यानं पोत्यावरची कविता काढून तिथं स्वतःचा फोटो छापला. राहिल्या फक्त श्रद्धांजल्या. त्याही लोक फुकट मागतात, कारण दुःखात पैसे कसे विचारायचे.

आता ह्यांचं अक्षर. मुंगी शाईत पडून कागदावरनं चालत गेली तर जे उमटेल ते. म्हणून लग्न झाल्यापासून ह्यांच्या प्रत्येक ओळीची पक्की प्रत मी केली. हे लिहिणार, खोडणार, वर लिहिणार, बाजूला बाण काढणार, आणि कागद माझ्या मशीनवर ठेवणार. मी दुपारी मशीन थांबवून स्वच्छ अक्षरात उतरवून द्यायची. एकदा मी उतरवलं की हे पुन्हा वाचत नसत. तसंच पाकिटात घालून पुढं. "तू लिहिलंस ना, मग झालं," म्हणायचे. ह्या माणसानं माझं कौतुक केलं ते एवढंच, पण बावीस वर्षं केलं.

दर रविवारी हे नव्या मुलांना लिहायला शिकवायचे. गावच्या सहकारी सोसायटीच्या बियाण्याच्या गोदामात एका कोपऱ्यात पोती सरकवून वर्ग भरायचा. सोसायटी त्याचं मानधन द्यायची, आणि खरं सांगायचं तर त्या उन्हाळ्यात घरात ठरलेल्या दिवशी येणारी तेवढी एकच गोष्ट होती. सुरुवातीला सात मुलं होती. पाणी आटलं तशी मुलं कामाला बाहेर गेली. उरले तिघं: जनावरांच्या दवाखान्यातला कंपाउंडर, ट्रॅक्टर चालवणारा एक, आणि फॅट.

फॅट म्हणजे अंगानं नव्हे. अंगानं ती काडीपैलवान. दूध डेअरीच्या संकलन केंद्रावर ती कामाला होती. बायका किटल्या घेऊन यायच्या, ही नमुन्याची बाटली यंत्राखाली धरायची आणि फॅटचा आकडा मोठ्यानं वाचायची. त्या आकड्यावर दुधाचा भाव. म्हणून सगळे तिला फॅट म्हणायचे. वीस वर्षांची होती. बोलायची कमी, ऐकायची जास्त, आणि कविता डेअरीच्या रद्दी पावत्यांच्या मागं लिहायची.

एप्रिलात सोसायटीचे सचिव घरी आले. खुर्चीवर माझे कापलेले गणवेश होते, ते ह्यांनी घाईघाईनं उचलले आणि बाह्यांची जोडी चुकवली. सचिवांनी पाणी प्यायलं, पेला खाली ठेवला आणि म्हणाले, "कवी, वर्ग चांगला आहे. पण वर्गातून निघतं काय?"

"म्हणजे?"

"म्हणजे शिवणाच्या वर्गातून झबली निघतात. तुमच्या वर्गातून काय दाखवायचं आम्ही सभासदांना?"

ह्यांचं तोंड उतरलं. मी कात्री चालवत राहिले. सचिवांनी खिशातून एक छापील कागद काढला. शहरातल्या एका संस्थेची योजना होती. खेड्यातल्या एका तरुण लेखकाला एक वर्ष राहायला खोली, अर्धा दिवस त्यांच्या ग्रंथालयात पगारी काम, अर्धा दिवस लिहायचं. पाच कविता पाठवायच्या.

"तुमचा एक जरी निवडला गेला तर वर्ग चालू," सचिव म्हणाले. "नाहीतर माफ करा, गोदामात जागा लागणारच आहे आम्हाला."

ते गेल्यावर हे बराच वेळ उंबऱ्यात उभे राहिले. मग म्हणाले, "फॅटचं पाठवू."

"तिला विचारलंत का?"

"तिला काय विचारायचं? डेअरी बंद होतेय महिनाअखेर. दूधच नाही. तिची आई तिला मामाकडं पाठवतेय, पॅकिंगच्या शेडमध्ये. बारा तास उभं राहायचं. तिथं गेली की संपलं."

खोटं नव्हतं. फॅटची आई माझ्याकडं ब्लाउज टाकायला आली होती तेव्हा बोलली होती. मामानं कळवलंय, एक तारखेला पाठव, जागा धरून ठेवलीय. आईचाही दोष नव्हता. घरातली गाय विकली होती. आता पोरीनं कमवायचं नाही तर काय करायचं.

फॅटनं पाच कविता आणून दिल्या. पावत्यांच्या पाठीवरच होत्या, टाचणीनं टोचलेल्या. हे लाल पेन्सिल घेऊन बसले.

आठ दिवस बसले. मी ह्यांना असं बसलेलं चार वर्षांत बघितलं नव्हतं. चार वर्षांत ह्यांनी स्वतःची अशी एक ओळ लिहिली नव्हती. मागणीची कामं सोडली तर वही कोरी. त्याबद्दल घरात बोलायचं नाही असं न ठरवता ठरलं होतं. आणि आता सकाळी चहा गार व्हायचा, ह्यांना पत्ता नाही. नळाला पाणी तासभर यायचं, हंडे मीच उचलायचे. एरवी निदान मागचा हंडा तरी हे धरायचे. ट्रॅक्टरवाला शंका घेऊन आला तर त्याला दारातनंच परत पाठवला. मला वाटलं, पोरीसाठी जीव टाकतायत. मनात बरं वाटलं. म्हटलं, माणूस जिवंत झाला.

नवव्या दिवशी फॅटला घरी बोलावून कविता वाचून दाखवल्या. मी बटणं लावत होते. ह्यांचा आवाज छान आहे, पोत्यावरची कवितासुद्धा त्या आवाजात बरी वाटते. फॅट मांडी घालून ऐकत होती, नजर खाली. संपल्यावर म्हणाली, "छान आहे, सर."

"तुझंच आहे," हे म्हणाले. "मी फक्त हात फिरवला."

ती गेली. ह्यांनी कागद माझ्या मशीनवर ठेवले. "परवापर्यंत टपालात पडायला हवं," म्हणाले आणि छापखान्यात गेले.

दुपारी मी मशीन थांबवलं. पत्र्याखाली उकडत होतं, ओला पंचा मानेवर टाकून लिहायला बसले. हे वाचून दाखवत होते तेव्हा काही लक्षात आलं नव्हतं, कारण बटणं लावताना मी अर्ध्या कानानं ऐकत होते. उतरवताना अक्षर न् अक्षर हाताखालून जातं. पहिली कविता दूध घालायला येणाऱ्या बायकांची होती. फॅटनं लिहिलं होतं:

बायका दूध ओततात आणि आकड्याकडे बघतात.
दुधाकडे कुणी बघत नाही.
मी आकडा मोठ्यानं वाचते.
दोन पॉइंट आठ म्हटलं की एक बाई रोज म्हणते, खोटं.
खोटं नाही, मावशी.
गाय उपाशी आहे.

शेवटच्या दोन ओळींवर ह्यांनी दोनदा लाल रेघ मारली होती. बाजूला लिहिलं होतं, "हे बोलणं झालं, कविता नाही." आणि खाली स्वतःच्या मुंगीच्या अक्षरात नवा शेवट:

ज्या दुधाला पिणारे ओठ उरले नाहीत
ते मोरीतून वाहत गेलं,
आणि मोरीनंही मान खाली घातली.

मी पेन खाली ठेवलं.

आम्हाला एक मुलगी झाली होती. सतरा वर्षं झाली. सव्वीस दिवसांची होऊन गेली. मूल जातं, पण छातीला ते कळत नाही. दूध येतच राहतं. चोळी भिजते, ठणका लागतो, अंगात ताप भरतो. मी मोरीत उभी राहून दूध पिळायची आणि वरून पाणी ओतायची. ह्यांनी ते बघितलं असेल असं मला सतरा वर्षांत वाटलं नव्हतं. त्यानंतर काय झालं ते मी सांगितलं नाही. ह्यांनी विचारलं नाही. आणि आता ते लाल पेन्सिलीनं एका वीस वर्षांच्या, लग्न न झालेल्या पोरीच्या कवितेत लिहून ठेवलं होतं, खाली तिचं नाव घालून टपालात टाकायला.

माझी तळपायाची आग मस्तकात गेली. दुसरी कविता काढली, तिसरी काढली. सगळीकडं तेच. पोरीचं थोडं आणि ह्यांचं फार. तिच्या आईच्या हातांवर लिहिलेल्या कवितेत माझे हात होते, सुईनं टोचलेल्या बोटांसकट. ओळी चांगल्या होत्या. चार वर्षांत ह्यांना सुचल्या नव्हत्या इतक्या चांगल्या. त्याचाच राग जास्त आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी किटली घेऊन डेअरीवर गेले. एरवी दूध घरी येतं, पण मला तिला बघायचं होतं. रांग कसली, पाच बायका होत्या. फॅटच्या हाताला आंबट वास, बोटं पांढरी पडलेली. एक म्हातारी आकड्यावरनं तिच्याशी भांडत होती. फॅट तेच तेच शांतपणे सांगत होती. रांग संपल्यावर मी विचारलं, "कविता आवडल्या का गं, सरांनी केलेल्या?"

"छान झाल्यात, काकू."

"मला सांग. सरांना नको सांगूस."

तिनं बाटल्या विसळायला घेतल्या. "छान झाल्यात. फक्त माझ्या वाटत नाहीत. म्हणजे मी वाचल्या तर मलाच वाटेल, ही कोण."

"मग बोल ना त्यांना."

"सरांना कसं बोलू? आठ दिवस घातले त्यांनी. आणि त्यांच्यामुळं झालं तर माझं होणार. माझ्या पावत्यांवरच्या कोण वाचणार?" थोडा वेळ पाणी ओतत राहिली. मग म्हणाली, "काकू, ते मोरीतलं दूध कुणाचं? डेअरीत दूध मोरीत जात नाही. नासलं तरी पनीरला घेतात."

"असेल कुणाचं तरी," मी म्हटलं.

घरी आले. दुपारी लिहायला बसले. समोर तिच्या पावत्या, त्यांच्यावर ह्यांची लाल पेन्सिल. मी पेन्सिलीखालचं वाचून उतरवलं. जिथं लाल रेघ होती तिथं तिचं जसं होतं तसं लिहिलं. "खोटं नाही, मावशी. गाय उपाशी आहे." पाचही कविता. एक शब्द माझा नाही, एक शब्द ह्यांचा नाही. एक पान दोनदा लिहावं लागलं.

पोरीच्या भल्यासाठी केलं असं मी नंतर स्वतःला सांगत राहिले. खरं म्हणजे माझ्यासाठी केलं. माझी मोरी कुणी शहरात बसून वाचावी हे मला नको होतं. पोरीच्या कविता चांगल्या की वाईट हे मला कुठं कळतंय. मला शिलाई कळते. ह्यांच्या ओळींनी ती निवडली गेली असती तर? आता ती मागं राहिली तर तिच्या नशिबी शेड, आणि आमचा वर्ग, घरात येणारं ते एक मानधन, सगळं माझ्या एका दुपारच्या रागानं गेलं. पाकीट टपालपेटीत टाकलं आणि पेटीच्या तोंडात बोटं घालून बघितलं, परत काढता येतं का. येत नव्हतं.

मग पाच आठवडे. ते मी कसे काढले मलाच माहीत. शाळेचे गणवेश घेतले होते शिवायला. एका शर्टाला दोन्ही बाह्या डाव्या लावल्या. बावीस वर्षांत असं झालं नव्हतं. उसवताना कापड फाटलं, पदरचं घालून भरून दिलं. डेअरी बंद झाली. कुलूप फॅटनंच लावलं म्हणे. एक तारीख आली. तिच्या आईनं मामाला आठ दिवस थांब म्हणून कळवलं, मग आणखी आठ दिवस. मामा म्हणाला, जागा काय तुमच्या पोरीसाठी अंडी उबवत बसलीय का. आई माझ्याकडं येऊन सगळं सांगायची आणि वर विचारायची, "कवींचं काय मत आहे हो? होईल ना?"

"त्यांना खात्री आहे," मी सांगायची.

ह्यांना खात्री होतीच. हे तर तरंगत होते. संध्याकाळी फिरायला जायचे, येताना गुणगुणायचे. एकदा जेवताना म्हणाले, "त्या पहिल्या कवितेचा शेवट निघाला ना, तेव्हा मला कळलं, अजून आहे माझ्यात." मी भाजी वाढली. मला त्यांची दया आली आणि चीडही आली, दोन्ही एकाच वेळी, आणि दोन्हींचं काय करायचं ते कळेना.

पत्र जूनच्या पहिल्या रविवारी हाती पडलं. सोसायटीच्या पत्त्यावर आदल्या दिवशी आलं होतं, सचिव स्वतः गोदामात घेऊन आले. कंपाउंडर सायकल मारत घरी सांगायला आला, "काकू, चला, पत्र आलंय, फुगीर आहे." मी तशीच उठले, बोटात शिवणाचं अंगुस्तान तसंच.

गोदामात पोत्यांचा वास, धूळ, दारातनं येणारं ऊन. फॅट एका पोत्यावर टेकून उभी होती. तिची आईसुद्धा आली होती, दाराबाहेरच थांबली होती. सचिवांनी पाकीट ह्यांच्या हातात दिलं. "तुम्हीच वाचा, कवी. तुमचा मान आहे."

ह्यांनी वाचलं. निवड झाली होती. दाराबाहेर फॅटच्या आईनं तोंडावर पदर धरला. ट्रॅक्टरवाल्यानं फॅटच्या पाठीवर थाप मारली आणि मग घाबरून हात मागं घेतला. हे हसत होते, पुढं वाचत होते. "निवड समितीला ह्या कवितांमधला साधेपणा विशेष भावला. पहिल्या कवितेच्या अखेरच्या ओळी समितीतल्या प्रत्येकानं..." आणि थांबले.

पुढची ओळ त्यांनी मनात वाचली. मला दिसत होतं. मग मान वर करून माझ्याकडं बघितलं. फॅटनंही माझ्याकडं बघितलं, कारण साधेपणा म्हटल्यावर तिला कळलं होतं, टपालात कुठल्या कविता गेल्या ते.

"वाचा ना," सचिव म्हणाले.

ह्यांनी कागद पुन्हा वर धरला. "खोटं नाही, मावशी. गाय उपाशी आहे." त्याच चांगल्या आवाजात वाचलं, एक अक्षर कमी-जास्त न करता. कागदाची घडी घातली आणि फॅटच्या हातात दिली.

सचिव टाळ्या वाजवत म्हणाले, "वा, कवी. शेवटी हात तुमचा."

"ह्यात माझा हात नाही," हे म्हणाले.

सगळे हसले. म्हणाले, मोठी माणसं अशीच बोलतात. सचिवांनी तिथल्या तिथं जाहीर केलं, वर्ग चालू राहील.

घरी येताना हे पुढं, मी मागं. दार लोटलं आणि ह्यांनी विचारलं, "किती ठिकाणी?"

"सगळीकडं. तिचं होतं तसं लिहिलं."

खुर्चीवर बसले. चप्पल पायात तशीच. "आणि आधी? बावीस वर्षांत आणखी कितीदा केलंस असं?"

हे मला लागलं. मारलं असतं तर एवढं लागलं नसतं. "कधीच नाही," मी म्हटलं.

"मी कशावरून मानू? मी कधी परत वाचलंच नाही."

"नका मानू. पण मला सांगा, त्या मोरीच्या ओळी तुम्ही पोरीच्या नावावर का घातल्या? डेअरीत कुणाचं दूध मोरीत जातं? ती मला विचारत होती, काकू, हे दूध कुणाचं. मी काय सांगायचं होतं तिला?"

ह्यांनी चप्पल काढली, दाराशी नेऊन ठेवली. मग म्हणाले, "आजपासून माझं मी लिहीन."

आणि खरंच लिहायला लागले. मशीनवर कागद येणं बंद झालं. मला वाटलं होतं, बरं झालं, दुपारचा तास सुटला. तसं वाटलं नाही. दुपार झाली की हात आपोआप मशीन थांबवायचा आणि मी रिकामी बसायची. कामावरनं काढलेल्या माणसाला कसं वाटतं ते मला घरात बसून कळलं.

छापखानेवाला एकदा श्रद्धांजलीचा कागद घेऊन घरी आला. "वहिनी, हे काय आहे? तुम्ही आजारी आहात का?" मी म्हटलं, मला नाही माहीत, ज्यांनी लिहिलं त्यांना विचारा. मग मी भाजी आणायला जाताना बघितलं, हे छापखान्यात उभे राहून त्या यंत्रावरच्या पोराला स्वतःचं अक्षर एकेक शब्द वाचून दाखवत होते, आणि तिथं दोघं गिऱ्हाईक हसू दाबून उभे होते. माझा जीव तुटला. पण मी आत गेले नाही.

फॅट गेली तेव्हा तिला सोडायला मी बसथांब्यावर गेले. हे तिथं आधीच आलेले, तिची पिशवी धरून उभे. माझ्याकडं बघितलं नाही. बस आली. फॅट वाकून नमस्कार करायला लागली तसं ह्यांनी तिला अडवलं.

"एक ऐक," म्हणाले. "तिकडं कुणी तुझं सुधारायला लागलं तर ऐकून घे. आणि तुझं तसंच ठेव. मी सुधारायला लागलो तरी."

"सर, तुम्ही रागावलात का?"

"हो," हे म्हणाले. "पण तुझ्यावर नाही."

पिशवी वर देताना ह्यांचे डोळे भरले होते. मला वाटलं जवळ जावं. बसची धूळ खाली बसेपर्यंत हे घराच्या दिशेनं चालायलाही लागले होते.

त्यानंतर बारा-तेरा दिवस गेले असतील. दुपारची वेळ. मी एका पँटला खालची दुमड घालत होते. ह्यांनी येऊन मशीनवर कागद ठेवला. काहीतरी मागणीचं असेल म्हणून मी बघितलं, तर नव्हतं. वर नाव नाही, छापखान्याचा शिक्का नाही. लाल पेन्सिलही नाही. मुंगीचं अक्षर, खोडाखोड, बाण.

"उतरवून दे," हे म्हणाले. आवाज कोरडा होता. "माझ्या नावावर आहे. आणि उतरवायच्या आधी वाच. तुला नको असेल तर फाडून टाक, मी विचारणार नाही."

मी वाचलं. मोठी कविता होती. त्यात सव्वीस दिवस होते, एकेक दिवस. तिच्या नखांबद्दल होतं, जी मी दातांनी कुरतडून काढायची, कात्रीची भीती वाटायची म्हणून. मला वाटायचं, हे त्या दिवसांत घरातच नव्हते. शेवटी मोरी होतीच. दूध वाहून गेलं, सगळं वाहून गेलं, असं होतं.

मला रडू आलं. पुसलं आणि पेन उचललं. दोन पानं उतरवली. मोरीपाशी आले आणि थांबले. हे खिडकीशी पाठ करून उभे होते.

"हे चूक आहे," मी म्हटलं.

"कुठलं?"

"दूध वाहून गेलं नाही. मोरीत फक्त दोन दिवस. मग नाही."

हे वळले.

"पलीकडच्या खोलीत भाडेकरी होते, आठवतात? त्या घरची बाई बाळंतपणातच टायफॉइडनं दवाखान्यात पडली होती. बाळ घरी, नणंदेपाशी, रडून रडून निळं झालेलं. तुम्ही छापखान्यात गेलात की नणंद त्याला परसातल्या भिंतीवरनं माझ्याकडं द्यायची. दिवसातनं तीनदा. आई बरी होऊन येईपर्यंत मी त्याला पाजलं. पाच आठवडे."

ह्यांनी भिंतीला हात टेकला. "मला का नाही सांगितलंस?"

"लोक काय म्हणतील वाटलं. तुम्हाला काय वाटेल वाटलं. आपलं गेलं आणि ही दुसऱ्याचं घेऊन बसते. आणि तुम्ही विचारलं कधी?"

वर पत्रा तापून वाजत होता. मला वाटलं आता हे कागद मागतील, नवा शेवट लिहायला बसतील. नाही मागितला. समोरचं स्टूल ओढून माझ्यासमोर बसले, हात गुडघ्यावर, रिकामे.

"मुलगा होता की मुलगी?" त्यांनी विचारलं.

"मुलगा," मी म्हटलं. "मोठ्या डोक्याचा. प्यायला लागला की माझं बोट सोडायचा नाही." आणि मग मी सांगत गेले, पहिल्या दिवसापासून.